के दाबल्यावर काय यायचं

आमच्या घरात सगळ्यात जास्त बोलणारा माणूस मी आणि सगळ्यात कमी बोलणारा माझा धाकटा भाऊ. पहिल्यापासून असंच आहे. मी बांधावर उभा राहून हाक मारली की पलीकडच्या मळ्यातली कुत्री उठतात, आणि हा जेवायला बसला की भाकरी पाहिजे का नको तेसुद्धा हातानं सांगायचा. मी लई चिडायचो. म्हणायचो, तोंडाला कुलूप लावलंय का रे तुझ्या? तो नुसता हसायचा. पण कमी बोलणं निराळं आणि बोलताच न येणं निराळं. हे मला कळायला त्याला लकवा यावा लागला.

आता त्याच्याकडं एकच शब्द उरलाय. 'बरं.' भूक लागली तरी बरं, पोटात दुखलं तरी बरं, राग आला तरी बरंच. रागाचं बरं जरा मोठं निघतं, एवढाच फरक. उजवा हात मांडीवर पडून असतो, डावा चालतो. पाय ओढत संडासापर्यंत जातो, पडवीपर्यंत येतो. पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी आम्हाला समोर बसवून सगळं नीट सांगितलं होतं. म्हणाल्या, त्यांना पुष्कळसं समजतं, पण शब्द सापडत नाहीत, बोलतानाही नाहीत आणि लिहितानाही नाहीत. हो-नाही विचारलंत तर मानसुद्धा कधी उलटी हलेल, तिच्यावर विसंबू नका. मी म्हटलं, मग बाई, विसंबायचं कशावर? त्यांनी कागदावर गोळ्या लिहिल्या आणि पुढच्या महिन्यात या म्हणाल्या.

अशा माणसाचं ऐकणारं घरात एकच होतं, ते म्हणजे पडवीतल्या क्रेटमधली त्याची यंत्रं. त्यांच्याशी त्याचं बोलणं चालायचं आणि ती त्याला उत्तर द्यायची. आम्ही एवढी हाडामांसाची माणसं असून आम्हाला जे जमत नव्हतं, ते त्यांना जमायचं. ते बोलणं कसं बंद पडलं, ते सांगायला बसलोय.

भाऊ पुण्याला कंपनीत कॉम्प्युटरवर होता. कोरोनात सगळे आपापल्या गावी पळाले तसा हाही बायकोला घेऊन पिंपळवंडीला आला आणि इथूनच काम करायला लागला. परत काही गेला नाही. आल्यावर त्यानं हळूहळू छोटे छोटे बोर्ड मागवायला सुरुवात केली. पत्त्यांचा कॅट असतो ना, तेवढा एक बोर्ड. त्याच्यावरच सगळा कॉम्प्युटर. असे चार बोर्ड त्यानं मधे पितळी खुंट्या घालून डब्याच्या पुड्यांसारखे एकावर एक चढवले, एक पोराच्या तळव्याएवढा पंखा लावला आणि तो सगळा संसार टोमॅटोच्या जुन्या क्रेटमध्ये उभा केला. वरून पाली जाऊ नयेत म्हणून जाळी. ते क्रेट पडवीच्या फळीवर, खाली बॅटरी, म्हणजे लाईट गेली तरी चालू.

मी म्हटलं, "आरं, कंपनीतला साहेब तू, आन् टोमॅटोच्या क्रेटात दुकान मांडतो व्हय?"

तो म्हणाला, "दादा, मोठा सर्व्हर आपल्याला परवडायचा न्हाई आन् लागतोय कशाला? हे गरिबाचं यंत्र हाय. चार बैलं जुपल्यावानी. ह्यो वरचा म्होरक्या, ह्याला सांगायचं, बाकीचे तिघं त्याच्या मागनं ओढत्यात."

एवढं लांब वाक्य त्यानं माझ्याशी आयुष्यात क्वचित केलं असेल. म्हणून लक्षात आहे.

मी सुरुवातीला थट्टा केली, मग त्याच्याशिवाय चालेना. गोठ्यावर कॅमेरा लावला त्यानं. उसाच्या कडेला घर म्हटल्यावर बिबट्याचा घोर आमच्याकडं कायम. बराखीत कांदा भरला की आत किती उकाडा झालाय ते दिसायचं. विहिरीवर लाईट आली की मोटर घरूनच चालू. संध्याकाळी आईसाठी स्पीकरवर भजन. आणि हे सगळं करायला त्याच्या मोबाईलवर एक काळी खिडकी उघडायची आणि त्यात एकच अक्षर दाबायचं. गोठ्याच्या दिव्याला जी. मोटरला एम. भजनाला बी. मी विचारलं, सगळ्याला एकेकच अक्षर का? तर म्हणाला, "कोण लिहीत बसतंय एवढं?" आळशी होता. आज मला वाटतं, देवानंच त्याला तेवढा आळस दिला असेल.

लकवा आला तेव्हा तो पडवीतच होता. सकाळी दात घासत मी बाहेर आलो तर हा क्रेटसमोर तिरपा पडलेला, तोंड वाकडं. नारायणगाव, तिथून पुणे, मग दवाखान्यातले ते दिवस. त्यातलं मी काही सांगत नाही, ज्यानं ते पाहिलंय त्याला सांगायला नको आणि ज्यानं पाहिलं नाही त्याला देव न दाखवो. घरी आणल्यावर मढच्या बाजूला डोंगरात एक जण लकव्याचं तेल देतो असं कुणी सांगितलं, तिकडं गेलो. ते तेल चोळलं. कळंबच्या मामांनी अंगारा आणला, तो लावला. पावणं यायचे, बहिऱ्याशी बोलावं तसे त्याच्या कानाशी ओरडायचे, "वळखलं का? कोण मी?" तो म्हणायचा, बरं. ते डोळे पुसत चहा प्यायचे आणि जायचे. मला एकेकाला गचांडी धरून बाहेर काढावंसं वाटायचं.

मग एका संध्याकाळी, दिवेलागणीला, गोठ्यातला दिवा आपोआप लागला.

माझी बायको धार काढत होती, ती बादली टाकून ओरडत बाहेर आली. मला वाटलं वायरिंगमध्ये काही झालं. मी गोठ्यात जाऊन बटणं दाबून पाहिली. तेवढ्यात पडवीतून भावजय हाका मारायला लागली, "दादा, हिकडं या. ह्यांनी लावला." मी गेलो. भाऊ खाटेवर बसलेला, डाव्या हातात मोबाईल, काळी खिडकी उघडलेली आणि त्यात एक जी. खाली यंत्राची एक ओळ आलेली. त्यानं माझ्याकडं पाहिलं, आणि माझ्यासमोर परत दाबलं. दिवा गेला. परत दाबलं. आला.

काय सांगू राव, त्या दिवशी आमच्या घरी दिवाळी होती. आईनं आळेफाट्यावरून पेढे आणायला लावले आणि क्रेटपुढं ठेवले. डॉक्टरीणबाईंना फोन केला, त्यासुद्धा खूश झाल्या. म्हणाल्या, शब्द गेले तरी हाताची जुनी सवय कधीकधी राहते, त्यांना ते करू द्या. ज्या माणसाला स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं, तो एका अक्षरानं गोठा उजळत होता. त्या दिवसापासून गोठ्याचा दिवा हे त्याचं काम झालं. आम्ही कुणी त्या बटणाला हात लावला नाही. दिवेलागण झाली तरी आम्ही अंधारात धार काढायचो, पण वाट बघायचो. त्यानं लावलाच पाहिजे.

जी झाला, एम झाला, बी झाला. पण तो सगळ्यात शेवटी के दाबायचा. रोज. दिवा लावला, आईचं भजन लावलं, की मग के.

के दाबल्यावर बाहेर काही व्हायचं नाही. ना दिवा लागायचा, ना मोटर. नुसत्या खिडकीत एक-दोन ओळी यायच्या, इंग्रजीत. तो त्या बघायचा आणि हसायचा. वाकड्या तोंडानं, पण तेच जुनं, मी चिडल्यावर हसायचा ते हसू. भावजय त्याच्या शेजारी बसलेली असायची. तिनं मला सांगितलं, "के दाबला का हासत्यात, दादा. रोज नवं, येगळं येतं." मी म्हटलं, काय येतं? ती म्हणाली, "मी कुठं वाचतीया? मी त्यांच्या तोंडाकडं बघत असती." बरोबरच आहे. नवरा दिवसातून एकदा हसतोय, तर बायको काय मोबाईल वाचेल?

असं वर्षभर चाललं असेल. मग खंडेनवमी आली.

आमच्याकडं खंडेनवमीला हत्यारं धुऊन अंगणात मांडतात. कुळव, फावडी, विळे, खुरपी, औषधाचा पंप, ट्रॅक्टरला तर वेगळी अंघोळ. झेंडूचे हार, हळदकुंकू, नारळ. आणि त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही. वर्षभर राबलं, आज विसावा. आईचं ह्या बाबतीत लई कडक. तिच्या माहेरी, कळंबला, त्या दिवशी साधी सुईसुद्धा कुणी उचलत नसे. भावाच्या यंत्राला ती दरवर्षी क्रेटच्या बाहेरून हळदकुंकू लावायची. तोपण तेवढं लावू द्यायचा. पण बंद करू द्यायचा नाही. म्हणायचा, "आई, ह्याला असं बंद न्हाई करायचं. आधी सांगायला लागतं."

ह्या खेपेला आईच्या मनात काही वेगळं होतं, ते तिनं आम्हाला नंतर सांगितलं. तिचं म्हणणं, बाकी सगळ्या हत्यारांना वर्षातून एक दिवस विसावा मिळतो. बैल होते तेव्हा बैलांना मिळायचा. ह्या यंत्राला आणल्यापासून एक दिवस नाही. रात्रंदिवस पंखा फिरतोय, दिवे लुकलुकताहेत. ज्याचं हत्यार दमलं, तो धनी दमणारच. म्हणून माझ्या लेकाचा हात पडला. ह्या वर्षी त्याला विसावा दिला तर त्याचा हात सुटेल.

आणि आई काही कुणाला विचारून करत नाही. कधीच केलेलं नाही.

मी त्या वेळी अंगणात चिंचेखाली भावाची दाढी करत होतो. खुर्चीवर तो, गळ्यात टॉवेल, अर्ध्या गालाला साबण. बायको आणि भावजय आत नैवेद्याच्या मागं. आई ओलेत्यानं पडवीत गेली. तिला त्याचं बोलणं आठवत होतं, की आधी सांगायला लागतं. तेव्हा तिनं क्रेटला हार घातला, हात जोडले आणि सांगितलं, "बाबा, लई राबलास. आजच्या दिस इसावा घे. माझ्या लेकाला बरं कर." आणि पिन ओढली. बॅटरीचीही ओढली. तिच्या परीनं तिनं सांगूनच बंद केलं, ह्यात तिची काय चूक काढायची?

मला काही कळलं नाही. भावाला कळलं. तो पंखा इतका बारीक होता की त्याचा आवाज येतो हे मला तो थांबल्यावरही समजलं नसतं, पण ह्यानं मान वळवली. मांडीवरचा मोबाईल उचलला, काहीतरी दाबलं, पाहिलं, परत दाबलं. मग पडवीकडं बघून म्हणाला, "बरं." मी म्हटलं, हलू नको. त्यानं मोठ्यानं म्हटलं, "बरं!" आणि उठायलाच लागला. माझ्या हातातला वस्तरा त्याच्या हनुवटीला लागला. रक्त आलं. त्याला त्याचं काही नव्हतं. तो पाय ओढत, साबण आणि रक्त तसंच, पडवीकडं निघाला, "बरं, बरं, बरं, बरं," आणि मी मागनं टॉवेल घेऊन.

आईनं त्याचं तोंड पाहिलं आणि घाबरून पिना परत लावल्या. तिघांचे हिरवे दिवे लुकलुकायला लागले. म्होरक्याचा लाल लागला, हिरवा लागला नाही. भाऊ त्याच्यासमोर उभा राहून डाव्या हातानं त्या दिव्याकडं बोट दाखवत होता. आम्हाला दाखवत होता, की ह्याला उठवा. आम्ही सगळे जमलो, सगळे त्या दिव्याकडं बघत राहिलो. झेंडूचा हार अजून क्रेटला होता.

त्या संध्याकाळी गोठ्याचा दिवा मी लावला. भिंतीवरच्या बटणानं.

आईला कुणी काही बोललं नाही. मीसुद्धा नाही, आणि मी न बोलणं म्हणजे आमच्या घरात सुतकच. ती दोन घास खाऊन उठायची आणि चुलीपाशी बसून एकच म्हणायची, "म्या इसावा दिला रं. म्हणलं हात सुटंल." तिला काय सांगायचं? तू बरोबर केलंस, हेही सांगता येत नव्हतं आणि चुकलीस, हेही नाही.

मी म्होरक्याला रुमालात गुंडाळून नारायणगावला नेला. मोबाईलच्या दुकानात. तिथला गडी उलटापालटा करून म्हणतो, "टीव्हीच्या डब्यातली प्लेट हाय का भाऊ? नवा डबा घ्या की." माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "डबा न्हाई, माझा भाऊ हाय ह्यो."  बाहेर येऊन मी मोटरसायकलवर बसलो आणि तडक आळेफाट्याला गेलो. तिथल्या एकानं निदान त्यातलं मेमरी कार्ड काढून बघितलं. नखाएवढं कार्ड. म्हणाला, ह्यात काहीच दिसत नाही, हे गेलं. मी विचारलं, गेलं म्हणजे कुठं गेलं? तो म्हणाला, "आता कुठं म्हणजे काय सांगू, काका."

इकडं भाऊ दिवसभर काळी खिडकी उघडायचा आणि जी दाबायचा. उत्तर नाही. एम. नाही. के. नाही. मग मोबाईल पालथा ठेवून भिंतीकडं तोंड करून पडायचा. जेवण कमी झालं. डॉक्टरीणबाईंनी शिकवलेले व्यायाम करेना. भावजय त्याचा हात धरून चेंडू दाबायला लावायची तर हात सैल सोडून द्यायचा. जे काही थोडं कमावलं होतं, ते डोळ्यांदेखत चाललं होतं आणि आम्ही चौघंजण त्याच्याभोवती नुसते फिरत होतो. मी पंप दुरुस्त करतो, स्टार्टर दुरुस्त करतो, गाय अडली तर तिला सोडवतो. पण हे असलं, ज्याला हात लावायला जागाच नाही, त्याचं काय करायचं माणसानं?

शेवटी भावजयीनं त्याच्या कंपनीतल्या मित्राला फोन लावला. तो बिचारा सुट्टीच्या दिवशी पुण्याहून गाडी घेऊन आला. चांगला पोरगा. येताना नवं कार्ड, वायरी, सगळं घेऊन आला. भावाला मिठी मारली आणि ओरडून काही विचारलं नाही, तिथंच मला तो आवडला. जेवायच्या आधीच क्रेटसमोर मांडी घालून बसला.

त्यानं मला समजावलं. ते यंत्र सारखं त्या कार्डावर काहीतरी लिहीत असतं. लिहिता लिहिता वीज गेली की कार्ड खराब होऊ शकतं. दरवेळी होतं असं नाही, ह्या वेळी झालं. यंत्राला काही झालेलं नाही, ते ठणठणीत आहे. मी म्हटलं, मग लिहिलेलं? तो म्हणाला, "दुसरीकडं कुठं कॉपी ठेवली असेल तर ते त्यालाच माहीत." आम्ही दोघांनी भावाकडं पाहिलं. मित्रानं टेबलाचा खण काढून त्याच्या मांडीवर ठेवला, त्यात पेन ड्राईव्ह, कार्डं, कसल्या कसल्या पट्ट्या. भावानं डाव्या हातानं सगळं उलथंपालथं केलं आणि एक कार्ड उचलून दिलं. भावजयीनं पदर तोंडाला लावला. मित्रानं ते घातलं. त्यात आमच्या गायीचे आणि बायकांच्या हळदीकुंकवाचे फोटो होते. भावानं दुसरं दिलं. ते कोरं. तिसरं दिलं, मग चौथं, आणि मग आमच्या लक्षात आलं की तो नुसती देतोय. त्यालाही सापडत नाहीये.

तरी त्या पोरानं दुपारपर्यंत नवं सगळं बसवलं. म्होरक्याचा हिरवा दिवा लुकलुकायला लागला. मला विचारून विचारून त्यानं गोठ्याचा दिवा जी वर बसवला, मोटर एम वर, भजन बी वर. आई दारात उभी राहून जप करत होती. मोबाईल भावाच्या हातात दिला. त्यानं जी दाबला. गोठ्यात भर दुपारी दिवा लागला. माझ्या बायकोनं टाळ्या वाजवल्या. एम दाबला, विहिरीवर मोटर घुमली. बी. आईचं भजन.

मग त्यानं के दाबला.

खिडकीत एक ओळ आली. त्यानं पाहिलं. हसला नाही. परत दाबला. तीच ओळ. मी मित्राला विचारलं, काय म्हणतंय ते? तो हळूच म्हणाला, "असा हुकूम मला माहीत नाही, असं म्हणतंय."

मग सुरू झालं. के म्हणजे काय? मित्र म्हणाला, त्याचं स्वतःचं काहीतरी असणार, काहीही असू शकतं. त्यानं हवामान लावून बघितलं. भावानं के दाबला, ऊन-वाऱ्याचे आकडे आले, त्यानं आमच्याकडं पाहिलं आणि परत दाबला. बराखीतला उकाडा लावला. परत तेच. मित्र म्हणाला, हसायचा म्हणजे विनोद येत असतील. त्यानं इंग्रजी विनोदांचा एक मोठा साठा लावून दिला, दर वेळी नवा. आमच्या सगळ्यांच्या आशा जाग्या झाल्या. भावानं के दाबला. दोन ओळी आल्या, अगदी पूर्वीसारख्या. मित्र वाचून हसला. भावानं त्या ओळींकडं नुसतं पाहिलं. आई म्हणाली, देवाचं काही असंल. बायको म्हणाली, लहानपणीचं काही. मी म्हटलं, "आरं, मान तरी हलव, हे का? हे का?" त्यानं हे-का ला मान हो हलवली, आणि पुढच्या हे-का लाही हो, आणि त्याच्या पुढच्याला नाही, आणि मग त्याचं त्यालाच कळलं की मान ऐकत नाहीये. डोळ्यांत पाणी आलं. भावजय म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, दादा. पाया पडते, ऱ्हाऊ द्या." नंतर ती मोरीत जाऊन रडली. तिचं एकच, "मी शेजारी बसून कधी वाचलंच न्हाई."

मित्र निघताना मला एक गोष्ट शिकवून गेला. म्हणाला, दादा, के दाबल्यावर निदान 'माहीत नाही' तरी येऊ नये, मी एक सोय करतो. इथं तुम्ही एक ओळ लिहायची. त्यानं के दाबला की ती ओळ येईल. माझ्या मोबाईलवर ते कसं करायचं ते त्यानं मला बसवून शिकवलं. माझी जाडी बोटं, चष्मा, पण शिकलो.

तेव्हापासून मी रोज एक ओळ लिहितो. पहिल्या दिवशी लिहिलं, 'कपिला आज व्याली, कालवड झाली.' संध्याकाळी त्यानं दिवा लावला, भजन लावलं, के दाबला. मी मुद्दाम लांब ओट्यावर बसून बघत होतो. मराठी अक्षरं बघून तो थांबला. त्याला वाचता येतं का, किती येतं, कुणास ठाऊक. मग त्यानं मान वर करून थेट माझ्याकडं पाहिलं. ओळखलं त्यानं, हे यंत्र नाही, दादा आहे. म्हणाला, "बरं."

बारीक बरं होतं. रागाचं नव्हतं. पण हसला नाही.

मी हट्टाला पेटलो. ह्याला हसवणारच. शेजारचा माणूस चिखलात कसा पडला ते लिहिलं. सरपंचाच्या गाडीवर माकड कसं बसलं ते लिहिलं. लहानपणी हा चिंचेवर चढून उतरता येईना म्हणून तिथंच झोपला होता, तेही लिहिलं. मी आयुष्यात एवढं कधी लिहिलं नव्हतं. दर संध्याकाळी तो के दाबतो, माझी ओळ बघतो, माझ्याकडं बघतो आणि म्हणतो, बरं. जेवायला लागलाय. चेंडूही दाबतो. दिवा लावायचं काम चुकवत नाही. लोक म्हणतात, सुधारणा आहे. असेल. पण ते हसू काही आलं नाही.

परवा मात्र माझं डोकं फिरलं. सकाळपासून लाईट नव्हती, गाय लाथाडत होती, त्यात कुणी पावणं येऊन विचारून गेलं, काही फरक? मी मोबाईल घेतला आणि त्या जागी लिहिलं, 'के दाबल्यावर काय यायचं रे?' मनात म्हटलं, माझ्या तोंडाला उत्तर देत नाही, त्या यंत्राला तरी देईल. त्याच्याशी तरी तो खरं बोलायचा.

संध्याकाळ झाली, लाईट आली. गोठ्यात दिवा लागला. आईचं भजन सुरू झालं. त्यानं के दाबला. मी ह्या वेळी लांब बसलो नाही, खाटेवर त्याच्या शेजारीच बसलो. माझा प्रश्न खिडकीत आला. तो त्याच्याकडं बघत राहिला, लई वेळ. ओठ हलले. मला वाटलं येतंय, आता येतंय काहीतरी.  त्यानं माझा हात धरला, मोबाईल माझ्याकडं वळवला आणि मला दाखवून, सावकाश, नीट समजावं म्हणून, बोट उचलून के दाबला.

तेच त्याचं उत्तर होतं, काय यायचं ते दाखवायला त्याच्याकडं दुसरं होतं काय? परत माझाच प्रश्न आला.